अभ्यासिकेचे बारा राउटर आणि पहिल्या बूटची स्क्रिप्ट

गेल्या मार्चमध्ये माझ्याकडे बारा राउटर लावून देण्याचे काम आले. नागपूरच्या मानेवाडा, नंदनवन, सक्करदरा आणि महाल या भागांत चौघे भागीदार मिळून स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका चालवतात. प्रत्येक ठिकाणी साठ-सत्तर खुर्च्या, खिडक्यांना लावलेले कूलर आणि महिन्याच्या शुल्कातच वाय-फाय, असा त्यांचा शिरस्ता आहे. फायबर जोडणीसोबत मिळालेले उपकरण प्रत्येक जागी होतेच, परंतु साठ मुलांनी एकाच वेळी व्याख्यानांचे व्हिडिओ लावले की ते हात टेकत असे आणि कोणाला किती वेग द्यावा यावर त्यात काहीच नियंत्रण नव्हते. म्हणून त्या उपकरणाच्या मागे एकाच मॉडेलचे, १६ एमबी फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी स्मृती) आणि १२८ एमबी रॅम असलेले बारा राउटर बसवायचे आणि त्यांवर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली चढवायची, असे ठरले.

एक राउटर हाताने जुळवायला मला साधारण पाऊण तास लागतो, म्हणजे बारा राउटरचे नऊ तास झाले असते. तेवढा वेळ मी काढलाही असता. मला धास्ती होती ती सातव्या-आठव्या राउटरपाशी होणाऱ्या हाताच्या चुकांची, कारण एखादी खूण करायची राहून गेली की ती चूक महिनाभराने, बहुधा रविवारी दुपारी, फोनवरूनच कळते. म्हणून राउटर पेटीतून काढावा, फ्लॅश करावा (म्हणजे नवी प्रणाली त्यात लिहावी), वीज द्यावी आणि पहिल्यांदा चालू होताना त्याने स्वतःच आपली मांडणी करून घ्यावी, अशी व्यवस्था मी ठरवली. भागीदारांपैकी जे काका माझ्याशी बोलत असत त्यांना मी ही ‘पहिल्या बूटची स्क्रिप्ट’, म्हणजे राउटर पहिल्यांदा चालू होताना आपोआप चालणारी आज्ञांची यादी, समजावून सांगितली, तेव्हा त्यांनी प्रथम माझ्या पायांकडे पाहिले होते.

ओपनडब्ल्यूआरटीचा उगम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला, त्यातील फर्मवेअर (उपकरणातच बसवलेली प्रणाली) लिनक्सवर आधारलेले असल्याचे लोकांच्या लक्षात आले आणि लिनक्सच्या जीपीएल या खुल्या परवान्याच्या अटीमुळे २००३ मध्ये त्याचा स्रोत खुला करावा लागला. त्या पायावर २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभे राहिले. २०१६ मध्ये त्यातून ‘लेडे’ नावाची फांदी फुटली आणि २०१८ च्या आरंभी ती पुन्हा मूळ खोडाला येऊन मिळाली.

या प्रणालीत जवळजवळ सर्व मांडणी यूसीआय नावाच्या एकाच पद्धतीने लिहिली जाते. ‘इटीसी’ फोल्डरातील ‘कॉन्फिग’ या उपफोल्डरात नेटवर्क, वायरलेस, फायरवॉल, डीएचसीपी, सिस्टिम अशा नावांच्या साध्या मजकुराच्या फायली असतात, आणि त्यांतील कोणताही पर्याय यूसीआयच्या एका आज्ञेने बदलता येतो. त्याच इटीसी फोल्डरात ‘यूसीआय-डिफॉल्ट्स’ नावाचे आणखी एक उपफोल्डर असते आणि पहिल्या बूटचे सारे काम तेथूनच चालते. राउटर सुरू होताना आरंभ-स्क्रिप्ट क्रमांकानुसार चालतात. दहाव्या क्रमांकावरील ‘बूट’ नावाची स्क्रिप्ट आधी उपकरणाची ओळख पटवून मूळ फायली निर्माण करते, त्यानंतर यूसीआय-डिफॉल्ट्समधील प्रत्येक फाइल नावाच्या क्रमाने चालवते आणि जी फाइल यशाचा, म्हणजे शून्याचा, संकेत परत देते ती पुसून टाकते. ज्या फायलीने शून्याव्यतिरिक्त दुसरा संकेत दिला ती तशीच राहते आणि पुढच्या बूटच्या वेळी पुन्हा चालवली जाते. माझ्या बाबतीत सगळे नाट्य या शेवटच्या नियमातच दडलेले होते, पण त्याकडे नंतर येतो.

नावाचा क्रम म्हणजे अंकांचा क्रम नव्हे, हे येथेच नोंदवून ठेवतो. फायलींची नावे अक्षरशः लावली जात असल्यामुळे ‘१०’ ने सुरू होणारी फाइल ‘९’ ने सुरू होणाऱ्या फायलीच्या आधी चालते. इतर पॅकेजेसही (जोड-प्रोग्रामही) आपल्या फायली याच फोल्डरात टाकत असतात आणि आपली स्क्रिप्ट त्या सर्वांच्या नंतर चालणे हिताचे असते, त्यामुळे तिच्या नावाच्या आरंभी ९९ लावण्याची रीत पडली आहे.

ही फाइल इमेजमध्ये, म्हणजे राउटरवर चढवायच्या तयार फर्मवेअरमध्ये, घालण्याचे दोन मार्ग आहेत. एखाद-दुसऱ्या राउटरसाठी ओपनडब्ल्यूआरटीच्या फर्मवेअर निवडण्याच्या पानावरच पहिल्या बूटची स्क्रिप्ट लिहिण्याची चौकट दिलेली आहे आणि त्यातून तयार इमेज उतरवून घेता येते. मी मात्र इमेज बिल्डर हे ओपनडब्ल्यूआरटीचेच साधन वापरले, कारण त्यात मॉडेलचे नाव, हव्या असलेल्या पॅकेजेसची यादी आणि आपल्या फायलींचे फोल्डर एवढे दिले की संपूर्ण स्रोत संकलित न करता लॅपटॉपवरच थोड्या वेळात इमेज हाती येते, आणि एकाच आज्ञेभोवती फेरा लिहिला की बारा इमेजही निघतात.

स्क्रिप्टचा पहिला मसुदा साधा होता. राउटरचे नाव ठेवणे, वेळेचा पट्टा लावणे, लॅनचा (आतल्या जाळ्याचा) पत्ता बदलणे, मूळ वापरकर्त्याचा पासवर्ड आणि दूरून सुरक्षितपणे आत शिरण्यासाठी माझी एसएसएच किल्ली बसवणे, वाय-फाय सुरू करणे आणि काही ठिकाणी पाहुण्यांसाठी वेगळे जाळे तयार करणे, एवढेच तिचे काम होते. लॅनचा पत्ता बदलणे आपल्याकडे अपरिहार्यच असते, कारण ओपनडब्ल्यूआरटीचा मूळ पत्ता १९२.१६८.१.१ हा आहे आणि फायबरच्या उपकरणांचा पत्ताही पुष्कळदा तोच असतो. दोन्ही बाजूंना एकच जाळे आले की पॅकेट कोणत्या दाराने बाहेर पाठवायचे हे राउटरला ठरवता येत नाही आणि सर्व दिवे हिरवे दिसत असूनही इंटरनेट मात्र चालत नाही. मी प्रत्येक अभ्यासिकेला १०.२०.क्रमांक.१ असा पत्ता दिला, त्यामुळे पत्ता पाहूनच कोणत्या जागेचा राउटर आहे हे कळू लागले. वेळेच्या पट्ट्याबाबत नवख्या माणसाला चकवणारी गोष्ट अशी की भारतीय वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असूनही येथे ती ‘आयएसटी उणे ५:३०’ अशी लिहावी लागते, कारण पॉझिक्स या प्रणाली-मानकाच्या संकेतात स्थानिक वेळेत किती मिळवले असता जागतिक वेळ येईल तो आकडा लिहितात.

बारा इमेज तयार झाल्या, बारा राउटर फ्लॅश झाले आणि मार्चअखेर ते सर्व जागच्या जागी लागले. एप्रिल निर्विघ्न गेला. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात काकांचा फोन आला.

“भाऊ, मी पासवर्ड बदलवतो अन् दोन दिवसानं तो आपल्या मनानंच जुना होऊन राहिला. पोट्टे डोकं खाऊन राहिले ना!”

शुल्क न भरता निघून गेलेली मुले बाहेर गल्लीत दुचाकीवर बसून वाय-फाय वापरतात, म्हणून काका दर महिन्याला पासवर्ड बदलत असत. तो बदलणे त्यांना सोपे जावे यासाठी मीच त्यांना राउटरचे पान दाखवून ठेवले होते. त्यांनी चुकीचे बटण दाबले असेल, असे मला प्रथम वाटले आणि तसे मी मोठ्या आत्मविश्वासाने त्यांना सांगितलेही. दुसऱ्या दिवशी सक्करदऱ्याहून तीच तक्रार आली, तिसऱ्या दिवशी महालातून आली, आणि मग मला माझे शब्द मागे घ्यावे लागले.

तक्रारी बारापैकी पाचच ठिकाणांहून येत होत्या आणि नेमक्या दुपारनंतर येत होत्या. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, दुपारी गल्लीतील सगळे कूलर आणि एसी एकदम चालू होतात, विजेचा दाब क्षणभर खाली बसतो आणि तेवढ्यात राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. कूलर चालू राहतो, पंखाही थांबत नाही, त्यामुळे वीज गेली होती असे कोणालाच वाटत नाही. एप्रिलमध्ये जे राउटर आठवडे आठवडे न थांबता चालले, ते मे महिन्यात दिवसातून दोन-दोनदा बूट होऊ लागले होते. मानेवाड्याच्या राउटरमध्ये एसएसएचने शिरून मी यूसीआय-डिफॉल्ट्स फोल्डर उघडले, तर दीड महिन्यापूर्वी पुसली जायला हवी होती ती माझी स्क्रिप्ट तेथे तशीच बसलेली होती. प्रत्येक बूटला ती नव्या उत्साहाने चालत होती आणि वाय-फायचा पासवर्ड मार्चमधील करून ठेवत होती.

दोष स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत होता. ‘पाहुण्यांचे जाळे असेल तर त्याची वेगमर्यादा लाव’ अशा अर्थाची ती अट होती आणि मी ती ‘जर-तर’च्या पूर्ण रचनेत न लिहिता दोन आज्ञा ‘आणि’च्या चिन्हाने जोडून एका ओळीत उरकली होती. सात ठिकाणी पाहुण्यांचे जाळे होते, तेथे अट खरी ठरली, पुढची आज्ञा यशस्वी झाली, शून्य परत गेला आणि फाइल पुसली गेली. उरलेल्या पाच ठिकाणी अट खोटी ठरली, आणि शेलच्या, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, दृष्टीने खोटी ठरलेली अट म्हणजेच अपयशाचा संकेत असल्यामुळे, सर्व काम चोख झालेले असूनही स्क्रिप्ट नापास म्हणून नोंदली गेली. शेवटच्या ओळीत केवळ शून्याचा संकेत देऊन बाहेर पडण्याची आज्ञा असती, तर मे महिना शांततेत गेला असता.

हाच खड्डा आणखी एका जागी असतो. नसलेला पर्याय पुसण्याची आज्ञा यूसीआयला दिली तर ती अपयशाचा संकेत देते. त्या आज्ञेला ‘गप्प राहा’ असा पर्याय जोडला की पडद्यावरचा संदेश बंद होतो, परंतु संकेत बदलत नाही. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे स्क्रिप्ट मध्येच अडखळून थांबली तरी तोपर्यंत तिने केलेले बदल वाया जात नाहीत, कारण फोल्डरातील सर्व फायली चालवून झाल्यावर प्रणाली स्वतःच एकदा सर्व बदल पक्के करते. म्हणजे अर्धवट चाललेली स्क्रिप्ट अर्धवट मांडणी कायम करून ठेवते. पुढच्या बूटला ती पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू होते, आणि तिने मांडणीच्या फायलीत निनावी विभाग (नाव न दिलेला पर्यायांचा गट) जोडण्याची आज्ञा वापरलेली असेल तर फायरवॉलमध्ये तोच नियम दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा उमटत जातो. पाच राउटरमध्ये एकाच नियमाच्या चाळीसहून अधिक प्रती मला सापडल्या.

शेवटची ओळ दुरुस्त करून मी थांबलो असतो, पण एक शंका मनातून जाईना. ‘पहिले बूट’ या शब्दांवर भिस्त ठेवून मी स्क्रिप्ट लिहिली होती, आणि हे पहिले बूट नेमके किती वेळा होते याचा विचारच केला नव्हता. या राउटरमधील मूळ प्रणाली स्क्वॉशएफएस या केवळ वाचता येणाऱ्या स्वरूपात असते आणि त्यावर ओव्हरले नावाचा लिहिता येणारा थर पसरलेला असतो. स्क्रिप्ट पुसली जाते तेव्हा ती खालच्या थरातून जात नाही. वरच्या थरात ‘ही फाइल नाही’ अशी खूण तेवढी केली जाते. कोणी मागचे बारीक बटण दाबून धरून राउटर मूळ स्थितीला नेला की वरचा थर जातो, त्याबरोबर ती खूणही जाते आणि स्क्रिप्ट पुन्हा हजर होते. हे सोयीचेच आहे, कारण बटण दाबल्यावर राउटर कोऱ्या स्थितीला न जाता आपण ठरवलेल्या स्थितीला येतो.

खरी अडचण फर्मवेअर अद्ययावत करताना येते. त्या वेळी जुन्या मांडणीच्या फायली बांधून बाजूला ठेवल्या जातात, नवी इमेज लिहिली जाते, वरचा थर कोरा होतो आणि बूटच्या अगदी आरंभी जुन्या फायली परत जागेवर आणल्या जातात. त्यानंतर यूसीआय-डिफॉल्ट्स चालते, आणि नव्या इमेजमधील स्क्रिप्टच्या दृष्टीने हेही पहिलेच बूट असते. काकांनी मधल्या काळात केलेले सर्व बदल नीट जपून आणलेले असतात आणि त्यांच्यावर माझी स्क्रिप्ट पुन्हा मूळ मांडणी लिहून मोकळी होते. अपयशाचा संकेत दुरुस्त करूनही ही गोष्ट घडलीच असती, फक्त मे महिन्याऐवजी दिवाळीत घडली असती.

यावर पहिला उपाय सुचला तो म्हणजे ‘काम झाले’ असे सांगणारी एक खूण-फाइल कोठेतरी ठेवायची. परंतु अद्ययावत करताना कोणत्या फायली सोबत न्यायच्या याची ठरावीक यादी असते आणि आपली खूण-फाइल त्या यादीत नाव घातल्याशिवाय पुढे जात नाही. त्यापेक्षा मी कॉन्फिग फोल्डरातच ‘अभ्यासिका’ नावाची यूसीआयची एक स्वतंत्र फाइल केली आणि तिच्यात मांडणीचा आवृत्ती-क्रमांक लिहून ठेवू लागलो. ते फोल्डर अद्ययावत करताना आपोआप जपले जाते आणि मूळ स्थितीला नेताना आपोआप पुसले जाते, म्हणजे मला हव्या त्या दोन्ही गोष्टी फुकटात मिळतात. स्क्रिप्ट आता सर्वांत आधी तो क्रमांक वाचते. क्रमांक नसेल तर संपूर्ण मांडणी करते, क्रमांक जुना असेल तर मधल्या आवृत्त्यांचे फरक तेवढे लावते, आणि क्रमांक चालू असेल तर काहीही न करता शून्य देऊन बाहेर पडते. निनावी विभाग जोडणे मी पूर्ण बंद केले. प्रत्येक विभागाला नाव दिले की तीच आज्ञा दहा वेळा चालवली तरी विभाग एकच राहतो.

गुपितांचा प्रश्न मात्र मला पहिल्या दिवसापासून छळत होता. बारा राउटरना एकच पासवर्ड देण्याचा मोह सर्वांनाच होतो. २०१६ मध्ये मिराई या नावाच्या, जाळ्यावरील उपकरणे ताब्यात घेणाऱ्या घातक प्रोग्रामने जो धुमाकूळ घातला त्याच्या मुळाशी उपकरणांवर कारखान्यातूनच आलेले, सर्वांना ठाऊक असलेले पासवर्ड होते आणि त्यासाठी साठ-बासष्ट जोड्यांची एक यादी पुरली होती. पुढे २०२० मध्ये युरोपात ईटीएसआय या दूरसंचार मानक-संस्थेच्या मानकाने सर्व उपकरणांना सारखाच पासवर्ड असू नये ही अट सर्वांत वर ठेवली, आणि ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून तो कायदाच झाला. मॅक पत्त्यावरून (उपकरणाला कारखान्यातच मिळालेल्या क्रमांकावरून) हिशेबाने पासवर्ड काढण्याची युक्तीही मला पसंत नव्हती, कारण मॅक पत्ता वाय-फायच्या प्रत्येक पॅकेटबरोबर हवेत जात असतो आणि हिशेबाची रीत इमेज उलगडून पाहणाऱ्याला कळते. बारा पासवर्डांचा तक्ता एकाच इमेजमध्ये घातला तर एक राउटर हाती लागलेल्या माणसाला उरलेल्या अकरांचेही पासवर्ड मिळतात. म्हणून मी प्रत्येक राउटरची इमेज वेगळी केली, तिच्यात त्याच एका राउटरचा पासवर्ड घातला आणि चिठ्ठीवर लिहून तो राउटरच्या तळाला चिकटवला. बाराशे राउटर असते तर हे अशक्य होते, बारांसाठी ते पुरेसे आहे. राउटरची ओळख पटवणाऱ्या एसएसएचच्या यजमान-किल्ल्या मात्र कोणत्याही इमेजमध्ये घालू नयेत. त्या राउटर पहिल्यांदा चालू होताना स्वतः घडवतो आणि तसे घडू देणेच योग्य असते.

तक्ता काकांनी एक्सेलमध्ये भरून दिला होता आणि त्यातून आणखी एक गंमत घडली. विंडोजमध्ये साठवलेल्या मजकुराच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी न दिसणारे एक जादा चिन्ह असते, आणि तक्त्यातील शेवटचा स्तंभ वाय-फायच्या पासवर्डाचा असल्यामुळे ते चिन्ह पासवर्डाला जाऊन चिकटले. राउटरच्या पानावर पासवर्ड बरोबर दिसत होता, चिठ्ठीवरही तोच होता आणि एकही फोन जोडला जात नव्हता. सुदैवाने हे माझ्या टेबलावरच लक्षात आले. तेव्हापासून तक्ता वाचण्यापूर्वी ते चिन्ह गाळण्याची एक ओळ मी कायमची घालून ठेवली आहे.

दुसरा घोटाळा आपल्या लिपीचा होता. वाय-फायचे नाव मराठीत दिसावे अशी भागीदारांची हौस होती आणि ती मला आवडलीही, म्हणून ‘अभ्यासिका १’, ‘अभ्यासिका २’ अशी नावे ठेवली. नऊपर्यंतचे राउटर व्यवस्थित चालू झाले, पण १०, ११ आणि १२ या तिघांचे वाय-फाय सुरूच होईना. वाय-फायच्या नावाची मर्यादा ३२ बाइटची आहे, ३२ अक्षरांची नव्हे. यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, वेलांटी, हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘अभ्यासिका’ या शब्दात अशी नऊ चिन्हे असल्यामुळे त्याचे २७ बाइट होतात, मोकळ्या जागेचा एक धरून २८ होतात आणि एका देवनागरी अंकासह ३१. दोन अंक आले की ३४ होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. शब्द मराठी ठेवून आकडे इंग्रजी केले, तेव्हा हिशेब ३० वर आला. इमेज बांधणारी स्क्रिप्ट आता नावाचे बाइट मोजते आणि नाव लांब असेल तर इमेज बांधतानाच काम थांबवते, कारण असली चूक छतापाशी बसवलेल्या राउटरमध्ये शोधण्यापेक्षा लॅपटॉपवर कळलेली बरी.

वाय-फायबाबत वेळेचाही एक पेच आहे. वायरलेसची मूळ फाइल रेडिओ सापडल्यावर घडवली जाते, आणि काही चिपांना आपले अंतर्गत फर्मवेअर चढवायला वेळ लागत असल्यामुळे आपली स्क्रिप्ट चालते त्या क्षणी त्या फायलीत दुसऱ्या रेडिओचा विभाग आलेलाच नसतो. माझ्या बारा राउटरपैकी काहींमध्ये ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ कधी वेळेवर येई, कधी येत नसे. म्हणून वायरलेसचा भाग मी यूसीआय-डिफॉल्ट्समधून काढून बूटच्या शेवटी, ९९ व्या क्रमांकावर चालणाऱ्या वेगळ्या आरंभ-स्क्रिप्टमध्ये हलवला. ती रेडिओची वाट पाहते, दोन्ही सापडले की मांडणी लावते आणि मग स्वतःला निष्क्रिय करून घेते. कोणता रेडिओ कोणत्या पट्ट्याचा आहे हे ती क्रमांकावरून न ठरवता विभागातील पट्ट्याच्या नोंदीवरून ठरवते, कारण एका मॉडेलमध्ये शून्य क्रमांकाचा रेडिओ ५ गिगाहर्ट्झचा असतो तर दुसऱ्यात २.४ चा.

पहिल्या बूटच्या वेळी एखादे पॅकेज इंटरनेटवरून उतरवून घ्यावे असा विचारही मनात येतो. तो सोडून द्यावा. आपली स्क्रिप्ट दहाव्या क्रमांकाच्या टप्प्यावर चालते आणि नेटवर्क विसाव्यावर सुरू होते, म्हणजे त्या क्षणी बाहेरचे जगच नसते. नेटवर्क आल्यावरही घड्याळ बरोबर नसते, कारण या राउटरमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही आणि इटीसी फोल्डरातील सर्वांत अलीकडच्या फायलीची वेळ हीच आत्ताची वेळ मानून तो उठतो. एखाद्या संकेतस्थळाला कालच दिलेले सुरक्षा-प्रमाणपत्र त्या राउटरला भविष्यातले वाटते आणि सुरक्षित जोडणी नाकारली जाते. जे लागेल ते सर्व इमेजमध्येच घालावे. बाहेर संपर्क करणे अगदी अटळ असेल तर घड्याळ जुळल्यावर हॉटप्लग या घडामोडी कळवणाऱ्या सोयीमार्फत जी सूचना मिळते तिच्यावर ते काम टांगावे.

आता चाचणीविषयी. राउटरवर पुन्हा पुन्हा फ्लॅश करत बसण्याऐवजी ओपनडब्ल्यूआरटीची एक्स८६ (साध्या संगणकासाठीची) इमेज मी लॅपटॉपवर क्यूईएमयू या आभासी संगणकात चालवतो. स्क्रिप्ट एकदा चालवून संपूर्ण मांडणीची यादी फायलीत उतरवतो, तीच स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवून दुसरी यादी घेतो आणि दोन्ही ताडून पाहतो. एका ओळीचाही फरक निघाला तर ती इमेज राउटरपर्यंत जात नाही. त्यानंतर हाताने पासवर्ड बदलून मांडणीसह अद्ययावत करतो आणि बदललेला पासवर्ड टिकला का ते बघतो. खऱ्या राउटरवर मात्र एक चाचणी केल्याशिवाय मी राहत नाही, ती म्हणजे पहिले बूट चालू असताना विसाव्या सेकंदाला वीज काढून घेणे. या जातीच्या फ्लॅशवर वरचा थर पहिल्या बूटला तयार होत असतो आणि तोपर्यंत सर्व लिखाण रॅममध्येच होते. वीज गेली तर ते सारे नाहीसे होते आणि पुढच्या वेळी काम आरंभापासून सुरू होते, म्हणून स्क्रिप्टला दुसऱ्यांदा चालणे मानवले पाहिजे. ही चाचणी सुरुवातीला मी मुद्दाम ठरवून केलेली नव्हती. पहिल्यांदा ती आमच्या घरच्या कूलरने केली.

सुधारलेली स्क्रिप्ट जूनच्या पहिल्या आठवड्यात सर्व बारा ठिकाणी गेली. त्यानंतर पावसाळ्याच्या तोंडावर वादळांमुळे महालात एका दिवसात सहा वेळा वीज गेली आणि काकांचा नवा पासवर्ड जागेवर राहिला. त्यांनी आता हुडकेश्वर रस्त्याला तेरावी अभ्यासिका काढली आहे. ते जुने मॉडेल सीताबर्डीच्या दुकानांत मिळेनासे झाल्यामुळे त्यांनी वेगळाच राउटर परस्पर आणून दिला. त्याच्या तळावरील चिठ्ठीवरचा मॅक पत्ता आणि लॅनचा मॅक पत्ता यांत शेवटच्या अंकाचा फरक आहे, रेडिओंचे क्रमांक उलटे आहेत, आणि फ्लॅश वेगळ्या जातीची असल्यामुळे वरचा थर पहिल्या क्षणापासून तयार मिळतो. रेडिओंची काळजी स्क्रिप्ट घेते. मॅकसाठी चिठ्ठीवरील पत्ता देणारी प्रणालीतीलच एक सोय वापरून पाहत आहे, आणि विसाव्या सेकंदाची चाचणी आज रात्री कूलर बंद ठेवून करणार आहे.